दानम्माची किडनी

१

“मॅडम, मला कुणीतरी मारून राहिलंय. हळूहळू. आणि ते माझ्या जवळचंच माणूस आहे.”

एवढं बोलून त्या माणसानं माझ्या टेबलावर काचपट्ट्यांची डबी ठेवली आणि मी बसा म्हणायच्या आत खुर्चीत बसला. तोंडावर दुहेरी रुमाल बांधलेला. दोन हजार नऊचा ऑगस्ट होता. पुण्यात स्वाइन फ्लूनं माणसं दगावली होती आणि इकडं नांदेडमध्ये कुणी नुसतं शिंकलं तरी लोक चार हात लांब पळायचे. हा दारात खोकला तेव्हाच माझ्या लॅबमधले पेशंट बाहेर उन्हात जाऊन उभे राहिले होते.

मी विनीता कंधारकर, पॅथॉलॉजिस्ट. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि काय बिघडलंय ते सांगायचं, हा माझा धंदा. मला माणसांपेक्षा तुकडे बरे वाटतात. निदान ते फार बडबड करत नाहीत. म्हणून मी जरा करवादूनच म्हणाले, “मारून राहिलेत तर पोलिसात जा की. इथं काय ठेवलंय?”

त्यानं रुमाल खाली ओढला. चेहरा सुजलेला, डोळ्यांखाली फुगवटे. मग कुठं ओळख पटली. लातूरचे पंचाक्षरी सर! जीवशास्त्र शिकवणारे. माझी भाची श्रद्धा यांच्याच क्लासला होती. लातूरच्या चौकाचौकातल्या फलकांवर मेडिकलला लागलेल्या पोरांचे फोटो असायचे आणि सगळ्यांत वर या सरांचा, हसरा. तो फोटो आणि हा माणूस, काही मेळच बसेना.

“गेल्या वर्षी हैदराबादला किडनी बसवली,” तो म्हणाला. “माझ्या आईची. मस्त चालली होती. उन्हाळ्यापासून बिघडत चाललीय. तिथल्या डॉक्टरांनी तुकडा काढून बघितला, त्याच्याच या काचपट्ट्या. ते म्हणतात, शरीर ती नाकारतंय. का, ते त्यांनाही कळेना. गोळी मी एकदाही चुकवलेली नाही. मग का?”

“होतं असं कधीकधी.”

“नाही मॅडम. कुणीतरी करतंय.” त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. “ही गेली तर मला दुसरी देणारं कुणी नाही. हैदराबादवाले म्हणाले, फार तर दिवाळीपर्यंत तग धरेल. मला मरायचं नाही हो.”

मोठा बाप्या माणूस माझ्यासमोर असा रडवेला झाला की माझा आवाज आपोआप खाली येतो. मी विचारलं, संशय कुणावर? त्यानं तिघांची नावं घेतली. बायको मुग्धा, गोळ्या तिच्या ताब्यात असतात. चुलतभाऊ सिद्धराम, आधी हाच किडनी देणार होता, ऐन वेळी पळाला, आणि आता घरी राहायला आलाय. तिसरा आलोक, क्लासचा भागीदार. त्याला क्लास एका मोठ्या कंपनीला विकायचाय, पंचाक्षरीला नाही. रोज दुपारचा चहा आलोकच्या केबिनमध्ये होतो.

“आणि आई?” मी सहज विचारलं.

तो ताडकन उठला. “तिचं नाव घ्यायचं नाही! किल्लारीच्या भूकंपात आमचं घर बसलं. बाप गेला, धाकटी बहीण गेली. मला तिनं नुसत्या हातांनी उकरून काढलंय. तिची नखं परत नीट आलीच नाहीत. आणि ही किडनी कुणाची आहे? तिचीच ना!”

“बसा, बसा. नुसतं विचारलं. फाशी नाही दिली.”

पण तो बसला नाही. दारातून एवढंच म्हणाला, “नाव शोधा मॅडम. मी गेल्यावर शोधून काय उपयोग?”

२

सगळं सोप्या भाषेत सांगते. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशींचं एक सैन्य असतं. परकं कुणी दिसलं की तुटून पडायचं, एवढंच त्यांना ठाऊक. बसवलेली किडनी आईची असली तरी त्यांच्या लेखी परकीच. म्हणून किडनी बसवलेल्या माणसाला जन्मभर त्या सैन्याला गुंगीत ठेवणाऱ्या गोळ्या खाव्या लागतात. गोळ्या कुणी बदलल्या, तर सैन्य उठतं आणि किडनी खलास. बाहेरून पाहणाऱ्याला वाटणार, नशीब फुटकं.

तर मी आधी तेच धरून चालले: बायकोनं गोळ्या बदलल्या. पण हैदराबादला दर महिन्याला त्याच्या रक्तातलं औषध मोजत होते आणि ते अगदी पाहिजे तेवढं होतं. म्हणजे खरी गोळी खरोखर पोटात जात होती. मुग्धा सुटली. निदान गोळ्यांपुरती तरी.

मग काचपट्टी लावली आणि मी खुर्ची पुढं ओढली.

गोळ्या चुकल्यावर उठणारं सैन्य मी खूपदा पाहिलंय. तेव्हा पेशी किडनीभर पसरलेल्या दिसतात, दंगल झाल्यासारख्या. इथं तसं नव्हतं. इथं पेशींचे झुबके होते. मधोमध एका जातीच्या पेशी दाटीवाटीनं, भोवती दुसऱ्या जातीच्या, आणि प्रत्येक झुबक्याला रसद पुरवणारी नवी बारीक रक्तवाहिनी. यात्रेला आलेले लोक असे राहत नाहीत. हे वस्ती करून राहिले होते, बाहेरून हुकूम यायची वाट न बघता किडनीतच बसून हल्ल्याची तयारी करत होते.

आणि अशी वस्ती आठवड्या-दोन आठवड्यांत बसत नाही. महिने लागतात. सैन्य गुंगीत असताना कुणीतरी त्याला हाका मारून उठवत होतं, आणि ते आजकालचं नव्हतं.

असले झुबके मी आधी वेगळ्याच ठिकाणी पाहिले होते. गळ्यातल्या ग्रंथीत, आखडलेल्या सांध्यांत. जिथं परकं काहीच नसतं आणि सैन्य आपल्याच घरावर उलटतं, तिथं. त्यांचा इथं काय संबंध, ते तेव्हा कळलं नाही. मी दिवा बंद केला. तुकडे बघून मी कधी घाबरत नाही, पण त्या दिवशी घाबरले. हे काम कुणा अनोळखी माणसाचं नव्हतं. रोज त्याच्यासमोर बसणाऱ्याचं होतं.

३

श्रावणी सोमवारी सकाळच्या एसटीनं लातूरला पोचले. औसा रोडच्या आतल्या गल्लीत घर. कमाई बरी असूनही डोक्यावर पत्रे. नंतर कळलं की भूकंपापासून त्याची आई, दानम्मा, स्लॅबखाली झोपायलाच तयार नव्हती. फाटकाशी कडुलिंबाचं झाड, त्यावर जाड देठांची, बदामाच्या आकाराच्या पानांची वेल चढलेली. खालची काही देठं ताजी छाटलेली दिसली. मी म्हटलं, हिला कुणी तरी जपून वाढवलंय.

“या डॉक्टरीणबाई, या,” दानम्मा दारातच भेटली. पन्नाशी ओलांडलेली, किरकोळ अंगाची, कपाळावर विभूतीचे पट्टे. “आज सोमवार हाय. आधी तीर्थ घ्या, मंग काय बोलायचं ते बोला.”

मी हात पुढं केला. तिनं तांब्याच्या पळीनं तीर्थ दिलं, मी घेतलं, ओला हात डोक्यावरून फिरवला. बेलाचा वास होता. तिनं पळी उचलली तेव्हा उन्हात तिचे डोळे दिसले. पिवळे. आणि बोलता बोलता ती सारखी दंड खाजवत होती.

“खाज कशानं हो?”

“काय न्हाई. उपासानं पित्त झालंय.”

सिद्धरामनं चहा आणला. दाढी वाढलेला, मान खाली घालून चालणारा माणूस. मी घोट घेतला आणि थबकले. कडू! जिभेच्या मुळाशी बसणारा, घोट उतरला तरी न जाणारा कडूपणा. मी सिद्धरामकडं पाहिलं. त्यानं नजर चुकवली. तेवढ्यात मुग्धा शाळेतून आली आणि त्याच किटलीतला चहा कपात ओतून उभ्या उभ्या प्यायला लागली.  मी कप खाली ठेवला, तो पुन्हा उचलला नाही.

आधी सिद्धरामला अंगणात घेतलं. “इथं कशाला आलात?”

“माफी मागायला,” तो म्हणाला. “श्रावण लागला तसा आलो. ऑपरेशनला मी भ्यालो मॅडम. पळून गेलो. माझ्या जागी काकू टेबलावर झोपली. आता तोंड दाखवायला आलो, तर इथं लोक माझ्या हातचा चहा वास घेऊन पितात. तुम्ही बी एक घोट घेऊन कप ठेवलात की आत्ता.”

 खरंच होतं ते.

मुग्धा ताठ बाई. शाळेत गणित शिकवते, बोलणंही तसंच. “काढे, भस्मं, जडीबुटी? मी घरात एक मुळी येऊ देत नाही. हैदराबादहून आल्या आल्या सासूबाईंनी कसलंसं पातेलं उकळायला ठेवलं होतं. मी ते मोरीत ओतलं. लई मोठं भांडण झालं तेव्हा. त्या दिवसापासून स्वयंपाकघर माझ्या ताब्यात.”

पंचाक्षरीला विचारलं, सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं? त्यानं नाश्त्यापासून सुरुवात केली. “त्याच्या आधी?” “काही नाही,” तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

निघताना मी दानम्माचं रक्त घेतलं. किडनी दिलेल्या माणसाचीही तपासणी करावी लागते, असं सांगितलं. ते काही खोटं नव्हतं, पण मला त्या पिवळ्या डोळ्यांनी अस्वस्थ केलं होतं.

फाटकापर्यंत मुग्धा सोडायला आली. तिचा ताठपणा तिथं गळून पडला. “मॅडम, मला या घरात भीती वाटायला लागलीय. मी गोळी हातावर ठेवते आणि ते गोळीकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघतात. ही किडनी जायच्या आधी आमचं लग्नच मरेल बघा.”

४

आलोकला त्याच दुपारी क्लासमध्ये गाठला. फ्लूच्या धास्तीनं बाहेरगावची पोरं घरी गेली होती आणि क्लास बंद होते. एरवी जिथं उभं राहायला जागा मिळत नाही, तिथं नुसते बाक. एखादं पोर आत लपून बसलंय असं सारखं वाटत होतं आणि मी दोनदा मागं वळून पाहिलं.

“मी मारीन त्याला?” आलोक हसलाच. भोकरकडचा गडी, आवाज दांडगा. “मॅडम, डोकं लावा थोडं. कंपनी क्लास कशामुळं घेऊन राहिली? फलकावर पंचाक्षरीचा फोटो आहे म्हणून. तो गेला तर हे बाक कोण विकत घेतो? मी तर त्याच्या तब्येतीसाठी नवस बोललोय.”

“रोजचा चहा?”

“तो पितो कुठं? मी फोनवर बोलताना हळूच कुंडीत ओततो. त्याला वाटतं मला दिसत नाही. झाड वाळलं ना माझं!” मग त्याचा आवाज उतरला. “दोस्त आहे हो माझा. असा का बघतो माझ्याकडं, कळत नाही. मे महिनाभर मी भोकरला होतो, बहिणीच्या लग्नात. तेव्हाच त्याचं दुखणं वाढलं. मी तिकडून विष टाकलं म्हणायचं का?”

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी एकेकाला बाजूला काढत गेले. आलोकचा चहा पोटात जातच नव्हता. सिद्धराम श्रावणात आला, आणि किडनीतली वस्ती त्याच्या कितीतरी आधीची. मुग्धाच्या हातची गोळी रक्तात चोख उतरत होती. उरलं एकच नाव, आणि ते घ्यायची मला बंदी होती.

पण ती कशाला करेल? आणि स्वयंपाकघर तर सुनेच्या ताब्यात. चूल नाही, पातेलं नाही, मग करणार कशात? अहमदपूर गेलं, लोहा गेलं, मला उत्तर सापडलं नाही. जिभेवर मात्र तो कडूपणा अजून होता.

५

दानम्माच्या रक्ताचा रिपोर्ट आला आणि मी तो हातात धरून उभीच राहिले.

कावीळ होती. पण कावीळ करणारा एकही विषाणू सापडला नव्हता. तिच्या रक्तात भलतंच सापडलं होतं: तिच्या स्वतःच्याच पेशींविरुद्ध तयार झालेली हत्यारं. तिचं सैन्य तिच्याच यकृतावर चालून गेलं होतं.

मुलाचं सैन्य आईच्या किडनीवर. आईचं सैन्य आईच्याच यकृतावर. दोन वेगळी दुखणी म्हणून दोन डॉक्टरांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या असत्या. पण मला ते झुबके आठवले. दोन्हीकडं गडबड एकच होती: कुणीतरी सैन्याला डिवचत होतं. त्या घरातल्या दोघांच्याच पोटात काहीतरी जात होतं. मुग्धा ठणठणीत, सिद्धराम ठणठणीत. आणि दानम्मा जर मारणारी असेल, तर ती स्वतः कशाला तेच पिईल?

मी मुग्धाला फोन लावला. “सोमवारचा चहा कडू होता का गं?”

“नाही. उलट गोडच होता. भाऊजी साखर जास्त घालतात.”

मी खुर्चीत बसले. म्हणजे चहा कडू नव्हता. माझं तोंड आधीच कडू झालेलं होतं; तो कडूपणा मागाहून चढणारा होता. चहाच्या आधी मी काय घेतलं? काहीच तर नाही. पाणीसुद्धा नाही. घरात शिरले, तीर्थ घेतलं आणि...

“मुग्धा, तू तीर्थ घेतेस?”

“मी? रोज सकाळी सातला शाळा असते हो मॅडम. मी येईपर्यंत पूजा आटोपलेली असते. सिद्धरामभाऊजी उशिरा उठतात. पूजेला अव्वा, म्हणजे सासूबाई, आणि हेच. का?”

“आणि ती लिंबावरची वेल कसली?”

“गुळवेल. अव्वांनी लावलीय, हैदराबादहून आल्यावर. सावलीला बरी म्हणाल्या.”

 गुळवेल! अंगातली प्रतिकारशक्ती जागवते म्हणून घरोघरी देतात ती. ज्या माणसाचं सैन्य गुंगीत ठेवण्यावर त्याचा जीव टिकून आहे, त्याला रोज सकाळी पळीभर. उकळायला चूलही नको. देठ ठेचून रस काढला आणि तांब्याच्या पात्रात सोडला की झालं. आणि डॉक्टरांनी कितीही खोदून विचारलं तरी कुणी सांगणार नाही. कारण तीर्थ आपण पीत नाही, घेतो. मी स्वतः घेतलं होतं आणि मीही दोन दिवस “काहीच नाही” म्हणत होते. कर्म माझं!

त्या काळी गुळवेलीबद्दल असलं काही छापील माझ्या हाताशी नव्हतं. मी आडाख्यानंच चालले होते. एवढ्यावर फोनवरून मुग्धाला नाव सांगितलं असतं, तर त्या घरात पातेल्याहून मोठं भांडण पेटलं असतं. म्हणून उद्याची पूजा व्हायच्या आत मला लातूर गाठायचं होतं.

६

पंचाक्षरी ओसरीत एकटाच बसला होता. मुग्धा शाळेत, सिद्धराम मागं नळावर. आतून घंटेचा आवाज येत होता.

“नाव सापडलं,” मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि त्या सुजलेल्या तोंडावर जे आलं, ते आश्चर्य नव्हतं. “मॅडम,” तो अगदी हळू म्हणाला, “दुसरं कुणाचं तरी सांगा.”

मी समोर बसले.

“पहिल्या दिवसापासून कडू लागत होतं,” तो म्हणाला. “मी ओळखलं नसेल असं वाटतं तुम्हाला? पोरांना शिकवतो मी हे सगळं. आधी म्हटलं, पळीभरानं काय होतंय. मग किडनी बिघडायला लागली. तरी हात पुढं करत राहिलो. घोट उतरेपर्यंत अव्वा समोर उभी असायची. थुंकू कसं?”

“अहो, मग तिला सांगायचं!”

“काय सांगू? तू दिलेली किडनी तूच मारून राहिलीस म्हणून सांगू?”

मला राग आला. “म्हणून बायकोवर आळ घेतला? त्या बिचाऱ्या सिद्धरामवर? सोन्यासारख्या दोस्तावर? मला नांदेडहून हेलपाटे मारायला लावले?”

“खरंच दुसरं कुणीतरी निघावं, म्हणून आलो होतो तुमच्याकडं.” तो रडत होता. “गोळी बदललेली निघावी, चहात काही निघावं. रोज देवाकडं तेवढंच मागत होतो. अव्वाला कळलं तर ती मरेल, मॅडम.”

“आणि नाही कळलं तर तुम्ही मराल.”

मागं खणकन आवाज झाला. दारात पळी पडली होती. दानम्मा चौकटीला धरून उभी होती. कधीपासून उभी होती कुणास ठाऊक. घंटा केव्हाच थांबली होती आणि आम्हाला कळलंच नव्हतं.

“म्हंजी मीच की,” ती म्हणाली.

पंचाक्षरी धावला. तिनं त्याला हातानं थांबवलं आणि माझ्याकडं वळली. “डॉक्टरीणबाई, हैदराबादचा डॉक्टर मला म्हनला, मावशी, याची ताकद आमी कमी करून ठिवलीय. आता साधी सर्दी झाली तरी जाईल. मी लई भ्याले. एकदा मातीतनं काढलंय मी याला. आता सर्दीनं न्यावा? म्हनलं, तुमी ताकद काढा, मी घालते. सूनबाई काढा करू देईना. मंग देवाच्या पान्यात घातला. देवाच्या पान्यानं कुनाचं वाईट होतंय व्हय?”

“तुमचा हेतू...” मी सुरुवात केली.

“हेतू ऱ्हाऊ द्या. किडनी ऱ्हाईल का?”

“प्रयत्न करू. आजपासून एक थेंब नको. लगेच हैदराबादला न्यायचं.” मग मला राहवलं नाही. “पण दानम्माबाई, तुम्ही स्वतः का घेत होतात? तुम्हाला कुठं काय झालं होतं?”

तिला प्रश्नच कळला नाही. वेड्या माणसाकडं बघावं तशी ती माझ्याकडं बघत राहिली.

“ही गेली तर याला माझी दुसरी लागंल की,” ती म्हणाली. “ती निरोगी नको का ऱ्हायाला?”

पंचाक्षरी मटकन खाली बसला. दानम्मा त्याला ओलांडून अंगणात गेली आणि लिंबावरची वेल दोन्ही हातांनी ओढायला लागली. जाड देठ निघेना. ती ओढतच राहिली. तिची वाकडी नखं सालीत रुतत होती, आणि ती मातीत कशी दिसली असतील ते मला त्या दिवशी कळलं. सिद्धराम नळावरून पळत आला. काही न विचारता त्यानं काकूच्या शेजारी उभं राहून देठाला हात घातला, आणि वेल खाली आली.

७

मी कार्तिकात पुन्हा गेले. फ्लूची भीती ओसरली होती, क्लास भरले होते, गल्लीत सायकलींचा ढीग. हैदराबादला पंचाक्षरीला जबर औषधं दिली होती. किडनी पहिल्यासारखी झाली नाही. वस्ती करून बसलेल्या पेशी सहजी उठत नाहीत. पण किडनी मरायची थांबली. दानम्माच्या डोळ्यांचा पिवळेपणाही उतरला होता.

मुग्धानं दारात हसून स्वागत केलं. मग कानाशी येऊन म्हणाली, “अव्वा त्या दिवसापासून पूजा करतात, पण तीर्थ कुणाला देत नाहीत. पळीला हात लावत नाहीत. सुट्टीच्या दिवशी मी देते. जेवणसुद्धा वाढत नाहीत यांना. जवळ आले की हात पदराखाली घेतात.”

आत पूजा नुकतीच झाली होती. दानम्मा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती, हात खरंच पदराखाली. पंचाक्षरी तिच्यासमोर जाऊन बसला. तांब्याचं पात्र त्यानं तिच्या पुढ्यात सरकवलं, पळी वर ठेवली आणि हात पुढं केला.

“अव्वा, दे.”

तिनं मान हलवली. तिच्या डोळ्यांत अशी भीती होती की मला बघवेना. त्यानं हात मागं घेतला नाही. “दे की गं,” तो पुन्हा म्हणाला.

तिनं माझ्याकडं पाहिलं. 

मी जाऊन त्याच्या शेजारी बसले, गुडघे कुरकुरले तरी. आणि माझा हात त्याच्या हाताच्या पुढं धरला. “आधी मला द्या, दानम्माबाई.”

 मग पदर हलला. पळी थरथरत वर आली, निम्मं पाणी माझ्या मनगटावरच सांडलं. उरलेलं मी घेतलं. नुसतं पाणी होतं, बेलाच्या वासाचं, गार. मी ते तोंडात घोळवलं, दोनदा, अगदी नीट. मग ओला हात डोक्यावरून फिरवला.

“गोड आहे,” मी म्हणाले. “द्या त्याला.”